शेवटचा अंतरा कापू नका!



जयंती जवळ आली की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, मुलींची स्थळे असे प्रश्न असतात. आता विचारणा होते ती गाण्यांची. पेन ड्राईव्हमध्ये तीनशे गाणी आहेत, पण हवे ते वेळेवर सापडत नाही. ट्रॅक मिळाला, पण तो माझ्या पट्टीत नाही. वडिलांच्या कॅसेटी पेटीत पडून आहेत, त्यांचे काय करावे? या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून आजचे सदर. उत्तर देण्यापूर्वी मात्र ७ फेब्रुवारीला, माता रमाईंच्या जयंतीच्या दिवशी, कल्याण पूर्वेच्या एका विहारात जे पाहिले ते सांगतो.

आपल्याच वस्तीतील एक भगिनी त्या दिवशी गाणार होत्या. रुग्णालयात आयाचे काम करून त्या घर चालवतात. त्यांचे वडील रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी होते. पाळी संपली की घरी येऊन गाणी लिहायचे आणि रात्री गायन पार्टीत बसून म्हणायचे. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले नाही की बाजारात कॅसेट आली नाही. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी तेवढ्या उरल्या. त्यातल्याच एका गाण्याचा वाद्यांचा ट्रॅक भाच्याने एका स्टुडिओत करून आणला होता. आता पेटी, ढोलकी, कोरस जमवणे प्रत्येकाला परवडत नाही. ट्रॅक लावला की एकटी बाईसुद्धा उभी राहून गाऊ शकते. कराओके म्हणतात ते हेच.

पहिले गाणे झाले. भाच्याने पुढचे बटण दाबले आणि दुसऱ्या गाण्याऐवजी दहावे सुरू झाले. लोक हसले. मावशी बिचाऱ्या माईक धरून तशाच उभ्या. पाच मिनिटे शोधाशोध झाल्यावर वडिलांचे गाणे सापडले. त्या छान गायल्या, टाळ्याही पडल्या. खाली बसल्यावर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांच्या वडिलांच्या पार्टीत ते ढोलकी वाजवत. ते म्हणाले, "पोरी, गाणं गोड झालं. पण तुझ्या बापाची सही कुठं गेली?"

कोणाला काही कळेना. मग त्यांनीच सांगितले. गाण्याला तीन अंतरे होते. स्टुडिओवाल्याने दोनच घेतले आणि तिसरा कापला. लिहिणाऱ्याचे नाव होते ते तिसऱ्यात.

बंधू-भगिनींनो, त्या वृद्धाने एका वाक्यात जे सांगितले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या शाहिरांची रीत अशी की शेवटच्या अंतऱ्यात कवी स्वतःचे नाव गुंफतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. संतांच्या अभंगातही ती आहे आणि लोककवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांतही आहे. वामनदादांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरे गिरवलेल्या या माणसाने पुढे हजारो गीते लिहिली. वही हरवली, छापणाऱ्याने नाव गाळले, गाणाऱ्याने दुसऱ्याचे सांगितले, तरी गाण्याच्या पोटात कवी शिल्लक राहतो तो या एका ओळीमुळे. गरिबाच्या गाण्याचा सातबारा म्हणा ना!

आता हा सातबारा कोण पुसतो आहे? कोणी शत्रू नाही. आपल्या घरातली मुलेच, तीही प्रेमापोटी, चार मिनिटांचा ट्रॅक करताना.

आपल्या चळवळीची गाणी तीन वाटांनी आली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार गावोगावी नेला, तेव्हा गाणी तोंडातून तोंडात गेली. कॅसेट १९६३ साली युरोपात निघाली आणि ऐंशीच्या दशकात आपल्या चाळींत पोहोचली. वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज जयंतीच्या कर्ण्यावरून घराघरात आले. तिसरी वाट कॉम्प्युटरची आणि मोबाईलची, म्हणजे आजची. वाट बदलली की प्रत्येक वेळी काही सामान मागे राहते. २००४ साली वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीच्या कार्यक्रमात विठ्ठल उमप गेले. त्यांचे ध्वनिमुद्रण कंपन्यांनी केले होते, म्हणून त्यांचे आवाज आहेत. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ साली स्वतःचा जीव देणारे शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या चित्रपटांत राहिला. तुमच्या-आमच्या वस्तीतल्या खलाशी शाहिराचा आवाज मात्र घरातल्या त्या एका कॅसेटीवरच आहे. ती गेली की तो माणूस दुसऱ्यांदा जातो.

आधी मूळ भरून घ्या

पुढच्या रविवारी आम्ही त्या भगिनींच्या घरी बसलो. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत चाळीस कॅसेटी निघाल्या. काहींवर पांढरी बुरशी होती. आपल्या भागातला पावसाळा कॅसेटीचा वैरी आहे. बुरशी दिसली तर कॅसेट लगेच वाजवू नका. ती टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीलाही जाते. अशा कॅसेटी वेगळ्या ठेवून जाणकाराला दाखवा. चांगल्या कॅसेटी आधी पेन्सिलीने थोड्या फिरवून सैल फीत ताणून घ्या. टेपरेकॉर्डरचे हेड औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, वाळू द्या आणि मगच कॅसेट घाला. कॅसेटीच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी जुने पुसले जाणार नाही.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरच्या लाईन-इनला जोडायची. लॅपटॉपला तसे भोक नसेल तर यूएसबीला लागणारे छोटे साऊंड कार्ड घ्यावे लागते. लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळते. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम लागतो. तो फुकट आहे, चोरीचा घेण्याची गरज नाही. आवाजाची पट्टी लाल रंगापर्यंत जाणार नाही एवढाच आवाज ठेवा. एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटेच लागतात, त्याला आडवाट नाही. चाळीस कॅसेटी म्हणजे चाळीस संध्याकाळी. ६ डिसेंबरपासून १४ एप्रिलपर्यंत सुमारे १३० दिवस असतात आणि हवाही कोरडी असते. एका घराची पेटी तेवढ्यात सहज होते.

मूळ आणि नक्कल

भरलेली फाईल कोणत्या रूपात ठेवायची, हा सर्वांना गोंधळात टाकणारा प्रश्न आहे. तो असा समजून घ्या. पूर्ण आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाईलला वेव्ह म्हणतात. सीडीच्या दर्जाने भरल्यास तिला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे ६३५ एमबी. चाळीस कॅसेटींचे २५ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राईव्हमध्ये अर्धी जागा उरते. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक नावाचे रूप आहे. ते घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखे असते. जागा कमी लागते, पण उघडल्यावर एक धागाही कमी होत नाही.

एमपी३ चे तसे नाही. कानाला फारसे जाणवणार नाही असा भाग ते कायमचे टाकून देते. म्हणून सर्वसाधारण एमपी३ ला मिनिटाला सुमारे एकच एमबी लागतो. वाजवायला, पाठवायला ते सोयीचे आहे, पण मूळ म्हणून ठेवायला नाही. एमपी३ चे पुन्हा एमपी३ केले की झेरॉक्सची झेरॉक्स होते. आणि एमपी३ ची वेव्ह केली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाईल फुगते. तेव्हा मूळ वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, त्याला हात लावू नका. काय कापायचे, जोडायचे ते नकलेवर करा.

याच ठिकाणी त्या घरी एक वाद झाला. कॅसेटीवर गाणे संपल्यावर थोडा खोकला येतो, भांड्याचा आवाज येतो आणि एक बाई म्हणते, "अहो, ड्युटीची वेळ झाली." भाचा म्हणाला, "हा कचरा कापून टाकतो." मावशी काही बोलल्या नाहीत. त्या उठून मोरीपाशी गेल्या. तो त्यांच्या आईचा आवाज होता, बऱ्याच वर्षांनी ऐकलेला. मुलाला ते कळले आणि त्याचा हात थांबला. नकलेतून तो भाग काढला तर चालेल, पण मुळात तो राहिलाच पाहिजे. चळवळीचे गाणे कोणत्या घरात, कोणत्या पाळीच्या आधी, कोणत्या बाईच्या कष्टावर उभे राहिले, याचा तो पुरावा आहे.

ट्रॅकच्या जाती

बाजारातून किंवा मित्रांकडून आलेले ट्रॅक एकाच जातीचे नसतात. काही साधे एमपी३ असतात. काही जोडीने येतात, म्हणजे एक एमपी३ आणि एक सीडीजी. पडद्यावर शब्द दिसतात ते सीडीजीमुळे. या दोन्ही फाईलींचे नाव एकच असावे लागते. एकीचे नाव बदलले आणि दुसरीचे राहिले की शब्द गायब होतात. पुष्कळांची अशी तक्रार असते. फाईल बिघडलेली नसते, तिची जोडी तुटलेली असते.

जुन्या व्हीसीडीवरची गाणी डीएटी नावाच्या फाईलीत असतात. कराओकेसाठी काढलेल्या व्हीसीडीत बहुधा एका बाजूला नुसती वाद्ये आणि दुसऱ्या बाजूला गायकासह गाणे असते. ऑडॅसिटीत या दोन बाजू वेगळ्या केल्या की ट्रॅक मिळतो. मिडी किंवा केएआर नावाच्या फाईलीत आवाज नसतोच, कोणता सूर कधी वाजवायचा याची चिठ्ठी असते. म्हणून ती चिमुकली असते आणि तिची पट्टी कितीही बदलली तरी बिघडत नाही. मात्र तिची ढोलकी ऐकून आपल्या ढोलकीवाल्यांना हसू येईल.

गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकणारे प्रोग्रामही आता आहेत. जुनी युक्ती म्हणजे डाव्या बाजूतून उजवी वजा करणे. घरच्या मोनो कॅसेटीवर तिचा उपयोग नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच असतात आणि काहीच उरत नाही. २०१९ नंतर आलेले नवे प्रोग्राम मोनोवरही काम करतात. पण ते कोरसलाही आवाजच समजतात आणि गायकाबरोबर कोरसही उचलून नेतात. कोरसाशिवाय भीमगीत म्हणजे लोकांशिवाय मोर्चा. म्हणून असा ट्रॅक वापरायचा तर कोरसाला वस्तीतली चार मुले-मुली उभी करा. त्यात नुकसान काही नाही, फायदाच आहे.

पट्टीचा हिशोब

पुरुषाने गायलेले गाणे काळी एकमध्ये असेल आणि गाणाऱ्या ताईंची पट्टी काळी चार असेल, तर ट्रॅक सात घरे वर न्यावा लागेल असे वाटते. पेटीवर मोजून पाहा. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या धरून काळी एकवरून वर गेले तर सात घरे होतात, पण खाली आले तर पाचच घरांवर खालची काळी चार भेटते. ट्रॅकमध्ये गायकाचा आवाज नसतो, तेव्हा खालून गेले तरी पट्टी तीच मिळते. जितकी घरे कमी तितका आवाज कमी बिघडतो. ऑडॅसिटीत सूर बदलण्याची सोय वेगळी आणि गती बदलण्याची वेगळी आहे. नुसता सूर बदला म्हणजे लय तीच राहते. हे कामही मूळ फाईलीवर करायचे नाही.

नाव ठेवणे

आता त्या दहाव्या गाण्याची गोष्ट. भाच्याने फाईलींना १, २, ३ असे आकडे दिले होते. पुष्कळसे प्लेअर आकडा मोजत नाहीत, अक्षर पाहतात. त्यांच्या लेखी १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ फार मागे. म्हणून ००१, ००२, ०१० असे तीन आकडी क्रमांक द्या. काही स्वस्त प्लेअर नावही पाहत नाहीत. ज्या क्रमाने फाईली पेन ड्राईव्हवर चढवल्या त्याच क्रमाने वाजवतात. तेव्हा कार्यक्रमाचा पेन ड्राईव्ह वेगळा ठेवा, रिकामा करून गाणी एकेक करून क्रमाने चढवा आणि आदल्या दिवशी त्याच प्लेअरवर वाजवून पाहा.

नावात पाच गोष्टी याव्यात: क्रमांक, मुखड्याचे पहिले दोन-तीन शब्द, कवी, गायक आणि पट्टी. ट्रॅक असेल तर शेवटी 'ट्रॅक' लिहा. कवी कोण ते ठाऊक नसेल तर ती जागा गाळू नका, 'कवी शोधणे' असे लिहा. गाळलेली जागा कोणाला दिसत नाही. 'शोधणे' लिहिले की एखादा वृद्ध केव्हातरी सांगतो.

फोल्डर प्रसंगाप्रमाणे करा: भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, रमाई जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन, मंगलपरिणय, नामकरण. एकच गाणे दोन प्रसंगी चालत असेल तर त्याच्या दोन प्रती करू नका. पुढे एक सुधारली जाते, दुसरी तशीच राहते आणि खरी कोणती ते कळत नाही. त्याऐवजी एक दोनशे पानी वही घाला. क्रमांक, गाणे, कवी, केव्हा भरले, कोणाच्या घरची कॅसेट आणि कोणत्या प्रसंगाला चालते, हे तीत लिहा. मराठी नावे कॉम्प्युटरवर नीट दिसतात, पण पुष्कळ प्लेअरवर नुसते चौकोन येतात. तेव्हा क्रमांक आणि वही हाच आधार.

ठेव एका घरात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला कल्याण परिसरात पाणी घरांत शिरले तेव्हा फोटो, दाखले, कॅसेटी सारेच गेले. एक प्रत घरी, एक विहारात आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. आणि भरून झाले म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका.

एक इशारा. दुसऱ्याच्या गीतावरचा हक्क कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे असतो. विहारात गाणे वेगळे आणि ट्रॅक करून विकणे वेगळे. ज्या शाहिरांनी उपाशी राहून गाणी दिली त्यांच्या लेकरांचा घास आपण तोडू नये.

शेवटी त्या गाण्याचे काय झाले ते सांगतो. ट्रॅक पुन्हा करायला पैसे नव्हते. पण बहुतेक गीतांत सर्व अंतऱ्यांची चाल एकच असते. भाच्याने दुसऱ्या अंतऱ्याचे वाद्य आणि त्यापुढचा ध्रुवपदाचा भाग नकलेवर उचलला आणि शेवटी जोडला. पहिल्यांदा सांधा उघडा पडला. ते ढोलकीवाले आजोबा शेजारी बसून मांडीवर ठेका धरत होते. ते म्हणाले, "समेवर काप, बाळा." समेवर कापले तसे जोडही कळेनासा झाला. ट्रॅक चार मिनिटांचा सहा मिनिटांचा झाला. तालमीत मावशींनी तिसरा अंतरा म्हटला आणि वडिलांचे नाव आले तेव्हा त्या अडखळल्या. आजोबा म्हणाले, "थांबू नको. तिथंच तर उभं राहायचं असतं." येत्या १४ एप्रिलला त्या हे गाणे पूर्ण म्हणणार आहेत.

बाबासाहेबांनी आपल्याला लिहायला सांगितले, शिकायला सांगितले. आपल्या आजोबांनी शिकून जे लिहिले ते नातवांनी शिकून जपले पाहिजे. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, जिथे जिथे हा अंक जातो तिथल्या प्रत्येक विहारात एक वही आणि दोन शिकलेली मुले एवढे जरी उभे राहिले तरी पुष्कळ झाले. तुमच्या पेटीत काय आहे ते या रविवारी उघडून पाहा आणि आम्हाला कळवा. पुढील आठवड्यात विहारातील जुन्या फोटोंविषयी.

जयभीम! नमो बुद्धाय!